यशवंतरावांचं कन्नड

माणूस मिळवून देण्यात अख्ख्या धारवाडात माझा हात धरणारा कोणी नाही! लग्नाला नवरा, श्राद्धाला ब्राह्मण, कोर्टात साक्षीदार... तीस वर्षं शिरस्तेदारी केली ती काय उगाच? अठ्ठ्याण्णव साली शेजारची वेदश्री रडवेलं तोंड घेऊन आली, तेव्हा मी पानाला चुना लावता लावताच म्हणालो, "बोल, कोण पाहिजे?"

"अण्णा, कन्नडचा गंध नसलेला मोठा माणूस पाहिजे. मोठेपणी दुसऱ्या भाषेचं व्याकरण आपोआप कसं उचललं जातं, यावर माझी पीएच.डी. आहे. दर महिन्याला त्याचं बोलणं टेप करायचं. पण शिकवायचं कोणी नाही! माणूस मिळाला नाही तर माझी शिष्यवृत्ती बंद."

धारवाडात कन्नड न येणारा मराठी माणूस! पेढ्याच्या दुकानात मुंगी शिवली नाही असा डबा शोधावा, तसलं काम. पण माझ्यापाशी होता. समोरच्या शालिनीचे वडील, यशवंतराव. कोरेगावचे, एस.टी.तले निवृत्त कंट्रोलर. बायको गेली म्हणून लेकीनं इकडे आणलेले. लेक-जावई सकाळीच गोकुळ रोडला कारखान्यात जायचे आणि हे दिवसभर कट्ट्यावर, स्टँडवर कुणी विसरून गेलेल्या ट्रंकेसारखे!

पहिल्या महिन्याची टेप : "बर्री." म्हणजे या. दुसऱ्या महिन्यात : "बर्री." तिसऱ्या महिन्यात "होगरी", म्हणजे जा, एवढी भर पडली.

वेदश्री म्हणाली, "सर म्हणतात, दिवाळीनंतरही असंच राहिलं तर विषय सोडून दे."

मी तपासाला बसलो. भाजीची गाडी आली. यशवंतरावांनी वांग्याकडे बोट केलं, कन्नडसाठी तोंड उघडलं, तोच बाळाबाई म्हणाली, "काय पायजे, अप्पा? वांगी ताजी हायती बघा!" न्हावी मराठीत, पोस्टमन मराठीत! आमच्याकडची रीतच ती. पाहुण्याला बसायला पाट द्यावा, तशी समोरच्याला त्याची भाषा द्यायची. मग बिचाऱ्याचं कन्नड वाढणार कसं?

मी शालिनीचं घर सोडून घरोघर फर्मान काढलं : यशवंतरावांशी मराठीत चकार शब्द नाही! आणि हे त्यांना कळता कामा नये, नाहीतर प्रयोग नासेल. (हे दुसरं कलम माझं स्वतःचं. वेदश्रीला दोन्हींचा पत्ता नव्हता.)

"अहो, दुःखातलं माणूस ते," आमची हेमावती म्हणाली. "त्यांना चार शब्द बोलायला कुणी नको?"

"शास्त्र आहे ते!"

"जाळा तुमचं शास्त्र!"

पण झालं भलतंच. मराठीत विचारणाऱ्या म्हाताऱ्याला कन्नडमध्ये उत्तर द्यायची गल्लीला लाज वाटू लागली. मग लोकांनी सोपा मार्ग काढला. त्यांना टाळायचंच! बाळाबाई पदर ओढून गाडी पुढं दामटायची. न्हावी त्यांना बघून दुकानाची फळी लावायचा. आणि मी? रोज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसणारा मी आता पेपर तोंडासमोर धरायचो. जाहिरातीसुद्धा दोनदा वाचायचो.

डिसेंबरात यशवंतराव कट्ट्यावर यायचे थांबले.

वेदश्री टेप घेऊन आली, तेव्हा मीच त्यांना घरातून धरून आणलं. दाढी वाढलेली, स्वेटरची बटणं खालीवर.

"हेंगिद्दीरी?" तिनं विचारलं. कसे आहात?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग एकेक शब्द सावकाश ठेवत म्हणाले, "ना ऊरिगे होगतेनि. इल्ले नन्न जोडी यारू माताडूदिल्ल."

वेदश्री उडालीच! "अण्णा! अख्खं वाक्य! कर्ता, क्रियापद, नकार, सगळं जागच्या जागी!"

मी टाळ्या वाजवल्या. हो, वाजवल्या! मग अर्थ पोचला. मी गावी जातो. इथं माझ्याशी कोणी बोलत नाही.

टेप फिरत राहिली.

"काही चुकलं का माझं?" यशवंतरावांनी मराठीत विचारलं. "वाक्यात नव्हे हो. गल्लीत."

मी सगळं सांगून टाकलं. वेदश्रीनं हुंदका दिला. ते म्हणाले, "पोरीला पास होऊ दे." आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं कोरेगावला गेले. शालिनीच्या विनवण्यांनी थांबले नाहीत, माझ्या माफीनं तर नाहीच.

वेदश्रीनं विषय बदलला. हल्ली ती शिलालेखांवर काम करते. म्हणते, "ते गाव सोडून जात नाहीत."

गल्ली तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. मराठीत नाही, कन्नडमध्येही नाही. हेमावती तेवढी बोलते, दोन्ही भाषांत. पण ते टेप करण्यासारखं नसतं!