रामटेकेकाकांचा खलाशी

रामटेकेकाका आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा बसण्याआधी त्यांनी खुर्ची उलटी केली. चारही पाय बोटाने ठोकून पाहिले, एका स्क्रूशी कान नेला आणि म्हणाले, "बसता येईल. पण सर्टिफिकेट देता येणार नाही."

जन्मभर त्यांनी जहाजं तपासली होती. आधी बोटीवर इंजिनिअर, मग मुंबई बंदरात मरीन सर्वेअर. जहाज समुद्रात जायच्या लायकीचं आहे की नाही, हे ठरवणारा माणूस. मूळ गाव नागपूर. काकू इथल्या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ, त्यामुळे निवृत्तीनंतर मुक्काम लखनौला, गोमती नगरात, आमच्या वरच्या मजल्यावर. "नागपूरला समुद्र नाही, लखनौला समुद्र नाही. मधला काय तो मी बघून घेतला," असं ते म्हणतात.

समुद्र नाही म्हणून तपासणी थांबलेली नाही. सोसायटीच्या लिफ्टमध्ये ते आधी एकच पाय ठेवतात. ई-रिक्षात सहावी सवारी चढली की उतरून मागून पाहतात, माल भरल्यावर जहाज किती बुडालं याची रेघ बघावी तसं. "भैया, ओव्हरलोड है. लोडलाइन पानी के नीचे चली गई."

"अंकल, पानी कहाँ है?" रिक्षावाला बिचारा खाली वाकून बघतो.

आता ते लिहितात. मालवाहू जहाजांवरच्या खलाशांवर मोठी कादंबरी, तीही मराठीत. "कप्तानावर कोणीही लिहील. पण भर वादळात पोळ्या लाटणाऱ्या भंडाऱ्यावर कोण लिहिणार?" हे त्यांचं म्हणणं मला पटतं. अडचण एवढीच, की मुलगी मराठी ऐकते आणि उत्तर हिंदीत देते, जावई लखनौचाच, आणि काकू ऐकतात त्या स्वयंपाकघरातूनच. वाचक म्हणून उरलो मी. दर रविवारी सकाळी वर जाऊन चहाबरोबर एक प्रकरण ऐकावं लागतं.

कादंबरीचा नायक धक्क्यावर येतो, समोर जहाज उभं असतं, आणि पुढली कित्येक पानं शिडीचं वर्णन. मी एकदा भीत भीत विचारलं, "काका, हा चढत का नाही?"

"शिडी तपासल्याशिवाय कसा चढेल?"

स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "अहो, होळीपासून उभा आहे तो. आता दिवाळी आली. चक्कर येऊन पडेल हो पोरगा!"

त्या रविवारीही वाचन चालू होतं, तेवढ्यात नसरीन आली. अमीनाबादला तिचं चिकनकारीच्या कुर्त्यांचं छोटं दुकान आहे. काकूंचा कुर्ता द्यायला आली होती. टेबलावरची जहाजाची चित्रं पाहून दारातच थबकली.

"हमारे शौहर भी जहाज पर हैं," ती म्हणाली. "इंजन में."

काकांनी कागद बाजूला सारले. "बैठो, बेटी."

ती बसली. काकांनी खुर्ची तपासली नाही, हे मी पाहिलं.

"क्या काम करते हैं, कुछ बताते नहीं," नसरीन म्हणाली. "फोन पर पूछो तो बस, सब ठीक है."

आणि काका बोलू लागले. मोडक्या हिंदीत, हातवारे करत. इंजिनच्या आवाजात बोलता येत नाही, म्हणून माणसं खुणांनी कशी बोलतात. अंगातला बनियन पिळून पुन्हा कसा घालतात. पाळी संपवून वर डेकवर आलं की पहिला वारा कसा लागतो. ईदला भंडारी कोणाला न सांगता शेवया कशा करतो. नसरीन पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती, मधूनच हसत होती.

"तो फिर बताते क्यों नहीं?"

"नेटवर्क दो मिनट का मिलता है, बेटी. उसमें आदमी इंजन की गर्मी बताए, या आपकी आवाज सुने?"

नसरीन उठली. जाताना काकूंकडून कुर्त्याचे पैसे घ्यायला विसरली. त्यांनी हाक मारून दिले.

दार लावून काकू परत आल्या, पण स्वयंपाकघरात गेल्या नाहीत.

"हे मला कधी सांगितलं नाहीत तुम्ही," त्या म्हणाल्या. "बोटीवर होतात तेव्हा तुमचंही तेच. सगळं ठीक आहे."

"तुला काळजी वाटली असती."

"काळजी वाटायचीच. फक्त कशाची करायची, ते माहीत नसायचं."

काका कागद नीट करत राहिले, मग तेही थांबवलं.

"बंदर आलं की फोनसाठी रांग असायची," ते म्हणाले. "रांगेत उभं असताना सगळं जुळवून ठेवायचो, हे सांगू, ते सांगू. मग तू 'हॅलो' म्हणायचीस."

काकू नसरीन बसली होती त्या खुर्चीत बसल्या. "आता सांगा."

मी अर्धा चहा तसाच ठेवून उठलो. दोघांचंही लक्ष नव्हतं. चपला घालेपर्यंत आतून काकांचा आवाज येत होता, हळू, अडखळत. ते थांबले की काकू म्हणायच्या, "मग?"