चारशे घोडे आणि दहा नंबरचा पाना

उभ्या गाडीची निगा कशी राखायची, हे अंबाजींना शिकवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. चौतीस वर्षं त्यांनी हैदराबादेत सरकारी बस हाकली होती. डेपोतली प्रत्येक गाडी त्यांना आवाजावरून ओळखू यायची, आणि त्यातल्या निम्म्या गाड्या त्यांच्या आवाजाला घाबरून सुरू व्हायच्या, असं ते स्वतःच सांगत.

म्हणून वरच्या मजल्यावरचा भाडेकरू हर्षद पंधरा दिवसांसाठी पुण्याला निघाला, तेव्हा त्याने किल्ली अंबाजींच्याच हातात दिली. किल्ली साधी नव्हती. नल्लकुंट्याच्या त्या गल्लीत, पेरूच्या झाडाखाली, हर्षदची पिवळीधमक गाडी उभी होती. दोनच दारं. उंची इतकी कमी की, गल्लीतलं मांजर तिच्याखाली जायचं म्हटलं तरी आधी विचार करायचं.

"काका, चारशे घोड्यांची ताकद आहे हिच्यात," हर्षद म्हणाला. "चार-चार दिवसांनी फक्त सुरू करायची. दहा मिनिटं चालू ठेवायची. बाकी कशाला हात लावायचा नाही."

"अरे, मी काय आजचा ड्रायव्हर आहे?"

"नाही, म्हणून तर सांगतोय. आणि शनिवारी सकाळी मी आलो की, रिंग रोडवर तुम्ही चालवायची. ठरलं."

हे ठरलं होतं, त्याला कारण होतं. अंबाजींचं लायसन त्या रविवारी संपणार होतं. वय चौऱ्याहत्तर, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. आता नवीन करायचं नाही, असं लेकीने, जावयाने आणि मुख्य म्हणजे बायकोने, गंगूबाईंनी, मिळून ठरवलं होतं. म्हणजे शनिवारचं स्टिअरिंग हे शेवटचं. तेही चारशे घोड्यांचं. अंबाजी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नवरदेवासारखे बघत बसायचे.

पहिल्यांदा त्यांनी ती सुरू केली तेव्हा पेरूच्या झाडावरचे सगळे पोपट एकदम उडाले. अंबाजी तसेच बसून राहिले. त्यांनी आयुष्यभर इंजिनं ऐकली होती. खोकणारी, धापा टाकणारी, शिव्या देणारी. ही मात्र पोटातून घुमत होती, देवळातल्या मोठ्या घंटेचा नाद विरत जावा तशी. तो आवाज पाठीतून वर चढून त्यांच्या कवळीपर्यंत पोचला.

"गंगू," ते घरात येऊन हळूच म्हणाले, "इंजिन मागच्या बाजूला आहे."

"मग पुढे काय आहे?"

"पुढे डिकी आहे. तोंडाच्या जागी पोट."

"बाई गं," गंगूबाई म्हणाल्या आणि त्यांनी भाताच्या कुकरच्या शिट्या मोजायच्या सोडून दिल्या.

बारा दिवस सगळं सुरळीत चाललं. बुधवारी सकाळी अंबाजींच्या डोक्यात डेपोचा नियम आला. तीन दिवसांहून जास्त उभी राहणाऱ्या गाडीच्या बॅटरीचं टर्मिनल काढून ठेवायचं. हा नियम मोडणाऱ्या ड्रायव्हरला पहाटे बस ढकलायला लावायचे. उगाच चार-चार दिवसांनी पेट्रोल जाळायचं, त्यापेक्षा टर्मिनल काढलेलं बरं. शनिवारी लावलं की झालं. पोराला कळणारसुद्धा नाही.

त्यांनी दहा नंबरचा पाना घेतला. दारं कुलूपबंदच होती. किल्लीवरचं बटण दाबलं, तशी पुढची डिकी टच करून उघडली. आत एका झाकणाखाली बॅटरी होती. नट सैल केला, टर्मिनल काढलं, त्यावर फडकं गुंडाळलं. कामाची सफाई बघून स्वतःवरच खूश झाले. मग त्यांनी डिकी अलगद लावली.

पाना आत राहिला.

अंबाजींनी किल्लीचं बटण दाबलं. काही झालं नाही. जोरात दाबलं. मग दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. गाडी दगडासारखी गप्प. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात उजेड पडला. डिकी उघडायला करंट लागतो. करंट बॅटरीत आहे. आणि बॅटरी डिकीत आहे.

विहिरीतलं पाणी काढायला पोहरा हवा, आणि पोहरा दोरासकट विहिरीच्या तळाशी!

ते पेरूच्या झाडाखाली बसकण मारणार, तेवढ्यात फोन वाजला. पुण्याहून हर्षद.

"काका, गाडी कुठे आहे?"

"कुठे म्हणजे? इथेच."

"मोबाईलवर दिसत नाहीये. एरवी मला इथे बसून दिसते ती कुठे आहे ते. अचानक गायबच झाली. बाहेर काढलीत का?"

अंबाजींच्या तोंडचं पाणी पळालं. गाडी पुण्याला चुगल्या करते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. खरं सांगावं, तर शनिवारचं स्टिअरिंग गेलं. खोटं बोलायची सवय नव्हती.

"झोपली असेल," ते म्हणाले.

"कोण?"

"गाडी. ऊन फार आहे."

"काका, जरा एक फोटो काढून पाठवा ना."

"पाठवतो. संध्याकाळी पाठवतो," असं म्हणून अंबाजींनी फोन ठेवला, आणि तिथेच खरी माती खाल्ली. कारण गाडी समोर उभी असलेला माणूस फोटो संध्याकाळी का पाठवेल, असा प्रश्न पुण्यात कुणालाही पडला असता. त्यांना फक्त डिकी उघडेपर्यंत वेळ हवा होता.

समोरच्या घरातले रिक्षावाले दत्तोबा धावून आले. त्यांनी गाडीभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या, टायरला हात लावून तो हात कपाळाला लावला आणि म्हणाले, "उस्ताद, टेन्शन कैकू लेते? मैं हूं ना. एक तार घालू फटीतून."

"तार घालशील तर त्या तारेला तुलाच टांगीन."

शेवटी गंगूबाईंनी मार्ग काढला. मागच्या काचेवर वर्कशॉपचा नंबर चिकटवलेला होता. "तिथे विचारा. दवाखान्याला लाजून कुणाचं दुखणं बरं झालंय?"

फोन उचलला प्रशांत नावाच्या मेकॅनिकने. निघाला परभणीकडचा. सगळं ऐकल्यावर त्याने बहुतेक फोन लांब धरून हसून घेतलं. मग म्हणाला, "बाबा, किल्लीच्या बुडाला एक खटका आहे. ओढा."

ओढला. किल्लीच्या पोटातून आणखी एक किल्ली बाहेर आली, लहानशी, लोखंडी.

"व्यालीच की ही," गंगूबाई म्हणाल्या.

त्या किल्लीने दार उघडलं. प्रशांतने सांगितल्याप्रमाणे पायाजवळचं फ्यूजचं झाकण काढलं. आत एक लाल आकडा होता, तो बाहेर ओढायचा. बाहेरची बॅटरी आणायची. लाल वायर आकड्याला, काळी दाराच्या लोखंडी कडीला. क्षणभर करंट मिळाला की, किल्लीचं बटण दाबून डिकी उघडायची.

"आणि एक ऐका, वायर लावली की गाडी—"

"समजलं, समजलं," अंबाजी म्हणाले आणि त्यांनी फोन कापला. करंट लावणं का त्यांना शिकवायचं होतं?

दत्तोबांनी आपली रिक्षा खेटून उभी केली. चारशे घोड्यांच्या गाडीला तीन चाकांच्या रिक्षाचं रक्त चढवायचं, म्हणून गल्लीतले पाच-सहा जण आपसूक जमले. अंबाजी ड्रायव्हरच्या दारात गुडघ्यांवर बसले. लाल वायर लावली. काळी टेकवली.

गाडीने टाहो फोडला.

भोंगा, चारही दिवे, त्यात आरसे आपोआप मिटले. समोरच्या पाळण्यातलं मूल उठलं, तिसऱ्या घरातल्या म्हातारबुवांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं. आणि नेमक्या त्याच क्षणी गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची मोटारसायकल थांबली. पुण्याहून हर्षदने इथल्या पोलीस ठाण्यात गाडी चोरीला गेल्याची खबर दिली होती.

कॉन्स्टेबल सत्यवती मोटारसायकलवरून उतरल्या. त्यांनी पाहिलं. दार उघडं, फ्यूज उघडे, वायरी लोंबताहेत, एक म्हातारा आत अर्धा शिरलेला आणि पळून जायला रिक्षा तयार.

"किसकी गाडी है ये?"

"हमारी नई, मॅडम," दत्तोबा भोंग्याच्या वरताण ओरडले, "मगर चोरी बी नई कर रैं!"

"फिर क्या कर रैं?"

"उघाड रैं!"

सत्यवतींनी हर्षदला व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि फोन अंबाजींच्या चेहऱ्यासमोर धरला. "देखो सर, चोर मिल गया. पहचानते?"

पडद्यावर हर्षदचा चेहरा आला. त्याला घामाने निथळणारे घरमालक दिसले, एका हातात कडीला टेकवलेली वायर, दुसऱ्यात किल्ली, कपाळाला ग्रीस.

"काका?"

अंबाजींनी एकदा गाडीकडे पाहिलं. मग सगळं सांगून टाकलं. डेपोचा नियम, टर्मिनल, पाना, ऊन, झोप. सांगताना त्यांनी मान वर केली नाही. "माझंच चुकलं, बाळा. शनिवारचं राहू दे."

त्या बोलण्याच्या नादात त्यांचा अंगठा किल्लीवर दाबला गेला. डिकी टच करून उघडली. सत्यवतींनी आत वाकून पाहिलं आणि पाना उचलून दाखवला. "हत्यार मिल गया," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या.

टर्मिनल लागलं, भोंगा थांबला, पण गाडीतल्या पडद्यावर एकामागून एक इतके पिवळे-लाल दिवे लागले की, गंगूबाईंनी हात जोडले. प्रशांतने फोनवर बजावलं, "सुरू करू नका. तपासल्याशिवाय चालवायची नाही. शनिवारी ट्रक घेऊन मी स्वतः येतो."

शनिवारी सकाळी हर्षद विमानाने आला. रागावला नव्हता. ते अंबाजींना जास्त लागलं. मागोमाग प्रशांतचा सपाट ट्रक आला. गाडी साखळीने वर ओढायची होती, आणि ओढताना आत कुणीतरी स्टिअरिंग धरून बसायला हवं होतं. प्रशांतने हर्षदकडे पाहिलं. हर्षदने अंबाजींकडे.

"काका, बसा."

अंबाजींनी चप्पल बाहेर काढून ठेवली आणि बसले. मग मान बाहेर काढून म्हणाले, "गंगू, ये की. वर चढेपर्यंत तरी."

"मी कशाला?" असं म्हणतच गंगूबाई पलीकडच्या दाराने आत गेल्या. चौतीस वर्षं ज्या माणसाने अख्ख्या शहराला नेलं-आणलं, त्याच्या शेजारच्या सीटवर त्या पहिल्यांदाच बसत होत्या. बसमध्ये तिथे इंजिन असायचं.

साखळी ताणली. गाडी हत्तीच्या पिल्लासारखी हळूहळू वर चढली. चाकं पट्ट्यांनी आवळली. मग लक्षात आलं, की ट्रकच्या कडेचे लोखंडी पाइप दारांना भिडले होते. गाडी इतकी बुटकी की, दार चार बोटांपलीकडे उघडेना.

"आता?" हर्षदने विचारलं.

"खाली घ्यायचं तर पुन्हा सगळं सोडावं लागेल," प्रशांत घड्याळाकडे बघत म्हणाला. "बाबा, वर्कशॉपपर्यंत बसता का तसेच? फक्त स्टिअरिंग फिरवू नका, पट्टे ढिले होतात."

अंबाजींनी इतक्या गंभीरपणे मान हलवली, जणू विमान उडवायची परवानगी मिळाली होती.

ट्रक निघाला. बरकतपुरा गेला, नारायणगुडा गेला. ते दोघं बसच्या ड्रायव्हरपेक्षाही उंचावर बसले होते. झाडांच्या फांद्या काचेवरून हात फिरवत होत्या. दुकानदार फळीवरून उतरून बघत होते. हिमायतनगरच्या सिग्नलला शेजारी एक बस थांबली. तिचा ड्रायव्हर मान वर करून पाहत राहिला आणि मग त्याने कपाळाला हात लावून सलाम ठोकला. अंबाजींनी एक बोट उचललं, जुन्या ड्रायव्हर लोकांत उचलतात तसं.

वळण आलं की त्यांचे हात स्टिअरिंगच्या वर अर्धा इंच हवेतल्या हवेत वळायचे.

"ट्रक वळतोय, तुम्ही नाही," गंगूबाई म्हणाल्या.

"त्याला जरा मदत."

त्या पदर सावरून समोर बघत राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "हे शहर एवढं मोठं आहे होय?"

संध्याकाळी दोघं घरी आले तेव्हा गल्ली वाटच बघत होती. दत्तोबा पुढे सरसावले. "उस्ताद, बोलो. कशी चालते?"

अंबाजी पायरीवर बसले. त्यांना खोटं बोलायचं नव्हतं.

"एक सांगतो," ते शांतपणे म्हणाले. "नल्लकुंट्यापासून पार वर्कशॉपपर्यंत एकदाही ब्रेक मारावा लागला नाही."

गल्ली अवाक झाली.

"हॉर्न मात्र सगळीकडे वाजवला," आतून गंगूबाई म्हणाल्या. "ट्रकवाला प्रत्येक वेळी बिचारा मागून कुणी आलं म्हणून बाजूला घेत होता."