चौऱ्याऐंशी पुस्तकांचा वाचक

फोन आला तेव्हा मापसाहेब खिळे-पत्र्यांच्या दुकानात काट्यापुढे वाकून उभे होते. वजनमापं तपासणं ही त्यांची सरकारी नोकरी. पंचवीस वर्षं ते दुकानदारांचे काटे बघून शिक्के मारत आले होते आणि पाच ग्रॅमची खोटही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. बाजारात त्यांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, मापसाहेब म्हटलं की झालं. हात गुंतले होते म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर टाकला आणि तिथेच घात झाला.

फोन वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंचा होता. सरत्या वर्षात सगळ्यात जास्त पुस्तकं नेणारे सभासद म्हणून साहेबांची निवड झाली होती. तब्बल चौऱ्याऐंशी पुस्तकं. रविवारी सकाळी छोटासा सत्कार ठेवला होता आणि ‘माझं वाचनाचं वर्ष’ या विषयावर साहेबांनी पंधरा मिनिटं बोलायचं होतं.

मापसाहेबांनी त्या वर्षात वाचलेली सगळ्यात जाड गोष्ट म्हणजे मिक्सरची माहितीपुस्तिका, तीही अर्धी. कार्ड त्यांच्या नावावर होतं खरं, पण ते वापरायची बायको. ती दवाखान्यात एक्स-रे काढायची आणि येताजाता पुस्तकं बदलायची. हे सांगायला त्यांनी तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात त्यांचं लक्ष दुकानदाराकडे गेलं. उंदरानं मांजराकडे बघावं तसा पंचवीस वर्षं बघत आलेला तो माणूस आज गल्ल्यावरून उठून उभा राहिला होता.

“चौऱ्याऐंशी?” तो हळूच म्हणाला.

मापसाहेब फोनमध्ये म्हणाले, “त्यात काय एवढं.”

दुपारपर्यंत बातमी बाजारभर झाली आणि चहाच्या वेळेआधी कचेरीत पोचली. वरिष्ठांनी त्यांना बोलावून खुर्ची दिली. आपल्या खात्यात असा माणूस आहे आणि आपल्याला पत्ता नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं होतं. रविवारी सगळी कचेरी हजर राहील, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. शिवाय यापुढे कचेरीतून जाणाऱ्या प्रत्येक पत्राची भाषा मापसाहेब तपासतील, असंही ठरलं. मापसाहेब बाहेर आले तेव्हा टेबलावर तपासायला अकरा पत्रं येऊन पडली होती.

संध्याकाळी बायको घरी आली, तिनं दोन पुस्तकं टेबलावर ठेवली आणि ती भाजी चिरायला बसली. वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावर बातमी लागलेली असणार आणि तिनं ती वाचलेली असणार, याबद्दल शंका नव्हती. पण ती काही बोलेचना. मापसाहेब उठून पाणी प्यायले. पंखा कमी केला, वाढवला, परत कमी केला. खिडकीशी जाऊन आले. शेवटी त्यांना राहवेना.

“फळ्यावर काही लिहिलं होतं का?”

“होतं.”

“मग?”

“बाईंचं अक्षर चांगलं आहे.”

मग मापसाहेबांनी सगळं ओकून टाकलं. आत्ताच्या आत्ता फोन करून खरं काय ते सांगतो, असंही म्हणाले. तिनं मानेनंच फोन दाखवला. मापसाहेबांनी बराच वेळ त्या फोनकडे बघितलं. मग ते खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले आणि खाली मान घालून म्हणाले, “सगळी नकोत. सात-आठ सांग.”

तिला हसू आलं, पण तिनं सांगायला सुरुवात केली. रोज संध्याकाळी काम करता करता ती एकदोन पुस्तकं सांगायची आणि मापसाहेब तपासणीच्या कोऱ्या फॉर्मांमागे टिपून घ्यायचे. सव्वीस वर्षांच्या संसारात ही बाई इतकं रंगवून सांगू शकते हे त्यांना ठाऊकच नव्हतं. चोराचा आवाज वेगळा, मामलेदाराचा वेगळा, आणि सुरी मधेच हवेत थांबायची. अडचण एकच होती. गोष्ट शेवटाशी आली की ती पातेल्यावर झाकण ठेवावं तशी गप्प व्हायची.

“पुढे?”

“पुढचं सांगत नसतात. वाचायचं.”

त्यातल्या एका गोष्टीनं तर त्यांचा पिच्छाच पुरवला. एका बाईच्या घरी तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या नावानं कुलूपबंद पेटी येते. किल्ली नाही, पाठवणाऱ्याचा पत्ता नाही. बाई ती पलंगाखाली सरकवते आणि दोनशे पानं तिच्यावर झोपते. गुरुवारी एका दुकानात मापसाहेबांनी तपासणीच्या कागदावर दुकानदाराच्या नावापुढे ‘पेटी’ असं लिहिलं. कुठे बसवत नव्हतं, कशात लक्ष लागत नव्हतं. शुक्रवारी सकाळी त्यांनी बायकोच्या पिशवीतून ते पुस्तक उचललं आणि बसथांब्यावर उघडलं. त्या दिवशी त्यांच्या दोन बसा चुकल्या, शनिवारी तीन. तिसरी बस गेली तेव्हा पुस्तक संपलं होतं.

रविवारी वाचनालयाच्या सभागृहातल्या साठ खुर्च्या भरल्या. पहिल्या दोन रांगांत कचेरी आणि तिसऱ्या रांगेत बायको. मापसाहेब बोलायला उभे राहिले आणि फॉर्मांचा गठ्ठा उलगडताना हातातून सटकला. गोळा केला तेव्हा मामलेदाराला चोराची बायको मिळाली होती आणि बाईच्या पेटीत भलत्याच गोष्टीतलं पिस्तूल आलं होतं. त्यांनी वर बघितलं. बायको शांतपणे त्यांच्याकडेच बघत होती. तिचे ते चोर, तिची ती हवेत थांबलेली सुरी आपण आपली म्हणून खपवणार, या विचारानं त्यांना कानकोंडं झालं. त्यांनी फॉर्म बाजूला ठेवले.

“ही चौऱ्याऐंशी पुस्तकं मी वाचलेली नाहीत,” ते म्हणाले. “माझ्या बायकोनं वाचली. मी फक्त एक वाचलं.”

 मग वरिष्ठांनी टाळी वाजवली आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवू लागलं.

“अहो, खरंच,” मापसाहेब घाम पुसत म्हणाले. “मला वाचनातलं काही कळत नाही.”

टाळ्या दुप्पट झाल्या. ग्रंथपाल बाईंनी डोळ्यांना पदर लावला. एवढं वाचूनही पाय जमिनीवर आणि सगळं श्रेय बायकोला, असा नवरा आपण पाहिला नाही, असं त्या माइकवरून म्हणाल्या. मग त्यांनी बायकोलाही वर बोलावलं, गुच्छ दिला आणि दोन शब्द बोलायचा आग्रह केला.

बायको म्हणाली, “घरात कुणी वाचत असलं की बाकीच्यांनी जरा कमी आवाज करावा, एवढंच.”

सगळ्यांनी कौतुकानं मापसाहेबांकडे बघितलं.

चालत घरी निघाल्यावर मापसाहेब काखेतलं प्रशस्तिपत्रक या काखेतून त्या काखेत करत राहिले. मी खरं सांगितलं होतं, ते दोनदा म्हणाले. मी ऐकलं, ती म्हणाली. मग ते जरा धीर करून म्हणाले, “ते पेटीचं पुस्तक मात्र मी पुरं वाचलं. तुला कसा वाटला शेवट?”



“मी शेवट वाचत नाही.”

“त्याचा?”

“कुठल्याच पुस्तकाचा. पंधरावीस पानं राहिली की परत करते.” गुच्छातलं एक वाकलेलं फूल ती सरळ करत होती. “तिकडे दवाखान्यात दिवसभर मला सगळ्यांच्या आधी कळतं. फोटो समोर असतो आणि माणूस माझ्या तोंडाकडे बघत असतो. आणि मला म्हणावं लागतं, डॉक्टर सांगतील. घरी तरी पुढचं काही ठाऊक नसावं, असं वाटतं.”

मापसाहेब चालता चालता थबकले. म्हणजे वर्षभरात त्या घरात एखादं पुस्तक पुरं वाचलेला माणूस एकच होता, आणि त्याचाच नुकता सत्कार झाला होता. पण या शोधानं त्यांची छाती फुगायच्या आधीच बायकोनं रस्त्याच्या कडेला उभं राहून विचारलं, “तेवढं एक सांगा. ती बाई शेवटी बरी असते ना?”

ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. शेवटच्या दोन पानांत त्या बाईचं काय होतं ते मापसाहेबांना लख्ख आठवत होतं. त्यापायी बसथांब्यावर त्यांनी दोनदा चष्मा पुसला होता. त्यांनी घाईघाईनं येणाऱ्या गाड्यांकडे नजर वळवली.

“एकदम ठणठणीत,” ते म्हणाले.

सकाळी साठ माणसांपुढे दोनदा खरं बोलून एकाचाही विश्वास बसला नव्हता. हिचा मात्र लगेच बसला. “मग ठीक आहे,” असं म्हणून तिनं गुच्छ त्यांच्या हातात दिला आणि ती रस्ता ओलांडून गेली.