सीटचं माप

"पाच मिनिटं फक्त टेकायचंय," कॅप्टन म्हणाले.

"दाताचा डॉक्टरही असंच म्हणतो," बायको म्हणाली.

कॅप्टन म्हणजे रिटायर झालेले ड्राफ्ट्समन. ते गॅरेजमध्ये विमान बांधायला लागले तेव्हा गल्लीने त्यांना परस्पर ही पदवी देऊन टाकली. फोम कापायचा, त्यावर काचेचं कापड अंथरायचं, रेझिन चोपडायचं, वाळलं की घासत बसायचं. शेजारी-शेजारी दोघांनी बसायचं एवढंसं विमान. काम काढलं तेव्हा नवरा-बायको दोघंही काडीसारखे होते. विमान काही पुरं होईना, अंगं मात्र भरत गेली. कॉकपिट दोनदा फाडून रुंद केलं, तरी बायको आत पाय टाकेना. "त्या बाथटबात मी बसणार नाही" हे गॅरेजच्या भिंतींनाही पाठ झालं होतं. आणि तिच्याशिवाय उडायचं, तर कॅप्टनना उडायचंच नव्हतं.

आज ती कशीबशी तयार झाली होती, तीही कंबरेच्या दुखण्यापायी; कंबरेला नीट टेकू देणारी सीट करतो, असं कॅप्टननी पटवलं होतं. दोन रसायनं मिसळून पिशवीत ओतायची आणि वर बसायचं. मिश्रण फुगतं, घट्ट होतं आणि सीट अंगाच्या मापाची बनते. कॅप्टननी दोन पिशव्या भरल्या. जरा सढळ हातानेच भरल्या.

"अहो, गरम लागतंय."

"लागणारच. रसायन आहे."

"वर येतंय."

"येऊ दे. माप घेतंय ते."

फस्स करून दोन्ही पिशव्या फुटल्या. पिवळा फेस उतू जाणाऱ्या दुधासारखा कंबरेपर्यंत चढला, दोघांमधली फट बुजवून गेला आणि बघता बघता दगड झाला.

"काय झकास सेट झालंय," कॅप्टनच्या तोंडून निघून गेलं.

"मी उठू कशी ते सांगा."

फोन पलीकडे टेबलावर. शेवटी हाका मारल्या तेव्हा शेजारी राहणारा मेहुणा आला. विमानाभोवती फेरी मारून त्याने पोट धरून हसून घेतलं.

"दाजी, पट्टे छान बांधलेत."

"करवत आण," त्याची ताई म्हणाली. तो गेला.

करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तिने समोरच्या काट्यावर बोट ठेवलं. "हे काय दाखवतं?"

"उंची."

"आत्ता किती?"

"शून्य."

तिने काट्यावरचं बोट काढलं. "स्कूटर होती तेव्हा उतार आला की तुम्ही इंजिन बंद करायचात. किती चिक्कू माणूस मिळालाय, असं वाटायचं मला."

"पेट्रोलसाठी नव्हतो करत."

"मग?"

"आवाज थांबला की तू मागून बोलायचीस ते ऐकू यायचं."

मेहुणा करवत घेऊन दारात उभा राहिला. "चला, कुणाला आधी काढू?"

"ही नको," ताई म्हणाली. "धार गेलीय हिची."

"अजून लावलीसुद्धा नाही, ताई."

"दिसतंय मला इथून. दुसरी आण."

तो पुटपुटत गेला. ती पुन्हा समोर पाहू लागली. "काय बोलायचे हो मी तेव्हा?"

कॅप्टननी घसा साफ केला. "ब्रेक लावा."

"आणि?"

"तेवढंच. सबंध उतारभर."

ती हसत सुटली. फेसाने दोघांचा एकच ठोकळा झाला होता, त्यामुळे तिच्या हसण्याने कॅप्टनही गदागदा हलू लागले.

"त्याला कडेकडेने कापायला सांगा," ती डोळे पुसत म्हणाली. "मधलं राहू दे."