वोकुर्कांना गर्दी झाली

ओटोकार वोकुर्का गेले तेव्हा त्यांच्या बायकोला, हर्मिनेबाईंना, पहिली काळजी पडली ती गर्दीची. व्हिएन्नात माणूस कसा जगला हे फारसं कोणी विचारत नाही. त्याच्या शवपेटीमागून किती लोक चालले, हा विषय मात्र गल्लीत वर्षानुवर्षं निघतो. म्हणून बाईंनी काळी घोडागाडी ठरवली, ट्रम्पेटवाले ठरवले, स्मशानासमोरच्या खानावळीत सूप आणि उकडलेलं मांस सांगून ठेवलं. फक्त माणसं ठरवता येत नव्हती.

वोकुर्का ट्राममध्ये तिकीट तपासनीस होते, आणि प्रामाणिक. त्यांनी दंड केला नाही असा नातेवाईक उरला नव्हता. लग्नाच्या दिवशी सासूलाही सोडलं नव्हतं.

त्यामुळे दफनाला बाई, पाद्री आणि शेजारच्या ब्लाश्केबाई एवढेच आले. ब्लाश्केबाई तरी कुठे रडायला आल्या होत्या? त्या मोजायला आल्या होत्या.

"सुटसुटीत आहे गं," त्या इकडेतिकडे बघत म्हणाल्या. "आमच्या ह्यांच्या वेळी इतकी रेटारेटी, की एकीचा पाय मोडला."

"येतील अजून. ट्रामला उशीर झाला असेल."

"ट्रामनं येणारे? आणि ह्यांच्यासाठी? बरं आहे बाई तुझं."

तेवढ्यात झाडांमागून बसभर माणसं आली आणि टोप्या काढून निमूटपणे गाडीमागे चालू लागली.

ती तिरोलच्या डोंगरातून राजधानी बघायला आलेली मंडळी होती. त्यांचा गाईड पोल्डी याचा नोकरीतला पहिलाच दिवस. थोर संगीतकारांच्या कबरी दाखवायच्या होत्या, पण त्या कुठे आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं. ट्रम्पेट ऐकू आलं तिकडे तो वळला. संगीत आहे म्हणजे संगीतकार असणारच.

"हे कोण हो?" एका जाड्या शेतकऱ्यानं विचारलं.

"वोकुर्का," पोल्डीनं पेटीवरची पाटी वाचली. "जिवंतपणी ह्यांना कोणी ओळखलं नाही."

खरं तर लांबूनच ओळखून लोक ट्राममधून उड्या टाकायचे.

"त्यांनी काय केलं?"

"हे वाजतंय ना, ते त्यांचंच. स्वतःच्या अंत्ययात्रेसाठी लिहून ठेवलं होतं."

शेतकऱ्याची बायको रडायला लागली. मग सगळेच रडले. कबरीत मूठमूठ माती टाकायला एवढी रांग लागली, की खड्डा जवळजवळ भरला आणि खणणाऱ्यांना काम उरलं नाही.

"कोण गं ही माणसं?" ब्लाश्केबाईंनी मोजणं सोडून विचारलं.

"ह्यांची," जाळीदार बुरख्याआडून हर्मिनेबाई म्हणाल्या. दुसरं काही त्यांना सुचलंच नाही.

खानावळीत ब्लाश्केबाईंना खुर्ची मिळाली नाही. त्यांनी सूप उभ्यानं प्यायलं.

तिरोलची मंडळी घरी जाऊन सांगत सुटली. पुढच्या आठवड्यात आणखी बस आल्या. पोल्डीच्या सहल कंपनीनं खरे संगीतकार यादीतून काढले. ते लांब होते, वोकुर्का फाटकाजवळ. कबरीभोवती साखळी आली.

नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, हर्मिनेबाई मेणबत्ती घेऊन गेल्या. रांग फाटकाबाहेर होती. त्या रांगेत उभ्या राहिल्या. पुढे पोचल्या तर साखळीशी पोल्डी. बुरख्याशिवाय त्यानं त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"आत नको आजी. मागचे खोळंबलेत."

"नुसती मेणबत्ती ठेवते."

"सगळ्यांनाच ठेवायचीय. द्या इकडे." मेणबत्ती ढिगावर टाकून त्यानं सांगायला घेतलं. वोकुर्कांनी जन्मभर एकाच स्त्रीवर प्रेम केलं. तिच्या खिडकीखाली बर्फात उभे राहिले. तिनं पडदासुद्धा सारला नाही.

मागून उसासे आले. हर्मिनेबाईंचेही डोळे भरले. असा माणूस आपल्याला भेटायला हवा होता, असं त्यांना वाटून गेलं.

"आणि त्यांची बायको?" त्यांनी विचारलं.

"बायको कुठली, आजी. कोणीच नव्हतं त्यांना," पोल्डी म्हणाला. "पण गर्दी बघा."

हर्मिनेबाईंनी वळून पाहिलं. गर्दी खरंच मोठी होती. मग त्या बाजूला सरकल्या आणि मागच्याला जागा करून दिली.