साडूच्या हातून वाचताना

शॉक लागलेल्या माणसाला कसं सोडवायचं, हे आमच्या सबस्टेशनात माझ्याइतकं कोणालाही कळत नाही. बावीस वर्षं नोकरी झाली आहे. निदान साडूपेक्षा तरी मला जास्त कळतं, यात वाद नाही.

साडू म्हणजे माझ्या मेहुणीचा नवरा. तो माझ्याच पाळीत आहे, म्हणजे घरी त्याचे दाखले आणि कामावर तो स्वतः. त्याच्या घरचा नळ गळत नाही, पोटाचा घेर वाढत नाही, आवाज चढत नाही. असल्या माणसाला जावई करून घेताना बायकोच्या माहेरच्यांनी थोडा माझाही विचार करायला हवा होता.

यंदा सुरक्षा सप्ताहात बचावाची परीक्षा होती. जो पहिला येईल तो बचाव पथकाचा प्रमुख. म्हणजे उद्या काही झालं, तर एक तर साडू माझ्या हुकमात, नाही तर मी साडूच्या. त्यात घरच्यांनाही बघायला बोलावलेलं.

"भावोजीच होतील," बायको भाजी निवडता निवडता म्हणाली. "किती शांत असतात ते."

"मी काय दंगेखोर आहे?"

"तुम्ही घाईत असता."

ठीक आहे. घाई तर घाई, तेच आपलं भांडवल. आठ दिवस घरी सराव केला. गादी गुंडाळायची, तिला माझा जुना शर्ट घालायचा, कपाटाला टेकवायची, काखेत हात घालून दारापर्यंत ओढायची आणि उताणी टाकून छाती दाबायची. आठव्या दिवशी गादी एक मिनिट दहा सेकंदांत वाचली. कापूस तेवढा तीन ठिकाणी बाहेर आला होता.

"ही वाचली म्हणायची का?" बायकोने विचारलं.

परीक्षेच्या दिवशी शिकवणाऱ्या साहेबांनी पंचाहत्तर किलोचा रबरी पुतळा उघड्या पॅनेलला टेकवला, त्याचा हात आत बांधला आणि वर लाल दिवा लावला. खरा प्रवाह नव्हता, पण दिवा लाल आहे तोवर आहे असं समजायचं.

साडू आधी. त्याने ओरडून सगळ्यांना लांब केलं. मेन स्विच पाडला, दिवा विझला. मग रबरी हातमोजे घेऊन, मनगटाकडून गुंडाळून, कुठून हवा निसटते का ते पाहत बसला. तिकडे पुतळा मरतोय आणि हा फुगे तपासतोय. मग टेस्टर, मग फायबरची आकडी, मग ओढणं, मग छाती. तीन मिनिटं चाळीस सेकंद. मागून बायकोने कौतुकाचा सुस्कारा सोडला. असा सुस्कारा माझ्या वाट्याला शेवटचा कधी आला, आठवत नाही.

माझी शिट्टी वाजली. मी धावलो, पुतळ्याच्या काखेत हात घातले, हिसडा मारून सोडवला, ओढला, दाबला.

"एक मिनिट पाच सेकंद," साहेब म्हणाले.

मी साडूकडे पाहिलं.

"आता त्याच्या शेजारी आडवे व्हा."

"का?"

"मेलात तुम्ही." त्यांनी वर बोट दाखवलं. दिवा लाल होता.

मला घरची गादी आठवली. गादीला स्विच नसतो.

नियम असा की प्रवाह बंद न करता जो हात लावेल तो दुसरा अपघातग्रस्त, आणि सगळे बाहेर निघेपर्यंत परीक्षा संपत नाही.

"पण साहेब..."

"मेलेला माणूस बोलत नाही." त्यांनी मला पॅनेलपाशी झोपवलं. "यांना कोण काढतंय?"

रांगेत अकरा माणसं होती. हात एकाचाच वर गेला.

स्विच पडला. हातमोजे पुन्हा गुंडाळले गेले.

"साडूभाऊ, मघाशीच तपासलेत ना," मी ओठ न हलवता म्हणालो.

"प्रत्येक वेळी तपासायचे असतात. पडून राहा."

आकडी माझ्या पट्ट्यात अडकली. पुतळा पंचाहत्तर किलोचा, मी अठ्ठ्याऐंशीचा. पट्टा आला, मी आलो नाही. शेवटी त्याने काखेत हात घालून मला ओढलं.

"जपून हो," बायको कळवळली. मला भरून आलं. "तुमच्या कमरेत उसण भरेल, भावोजी."

आता श्वास पाहायचा होता. साडूने माझ्या नाकाशी कान आणला. आता हा म्हणणार, 'श्वास चालू आहे.' आणि तेही बरोबर येणार. आयुष्यात एकदा तरी या माणसाचं काही चुकायला हवं. मी श्वास रोखून धरला.

त्याने शांतपणे दहा आकडे मोजले.

"श्वास नाही," साडू म्हणाला आणि त्याचे दोन्ही तळवे माझ्या छातीवर आले.

गादीचं काय झालं होतं ते मी पाहिलेलं होतं. पहिला दाब पडायच्या आत मी ताडकन उठून बसलो. "जिवंत आहे, अहो, जिवंत आहे मी!"

साहेबांनी वहीत लिहिलं, 'रुग्ण शुद्धीवर.' टाळ्या वाजल्या. बायकोने उभं राहून वाजवल्या.

साडू पथकप्रमुख झाला. घरी येताच बायकोने बहिणीला फोन लावला. "अगं, तुझ्या नवऱ्याने आज यांना वाचवलं."

"नाटक होतं ते," मी म्हणालो.

"मेलात ते नाटक," ती म्हणाली. "वाचवलं ते त्यांनी नियमाने."

पथकप्रमुख म्हणून साडूने पहिला आदेश काढला: यापुढे दर महिन्याच्या सरावाला पुतळ्याऐवजी मी. मी तडक साहेबांकडे तक्रार घेऊन गेलो. ते म्हणाले, सूचना उत्तम आहे. पुतळा पॅनेलपाशी न्यायला दोन माणसं लागतात, तुम्ही स्वतः चालत जाता.