उकंडरावांचा अंगठा आणि मेन कॉक

सत्यशीलाबाई नागपूरला निघाल्या होत्या आणि उकंडरावांच्या हातात नळाची तोटी होती. नुसती तोटी. पाइप भिंतीतच राहिला होता आणि त्यातून निघालेली धार सरळ तांदळाच्या डब्यावर चालून गेली होती. उकंडरावांनी सुचलं ते केलं. पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला. धार थांबली, पण जे पाणी अंगठ्याला जुमानत नव्हतं, ते कडेनं फवारा होऊन त्यांच्या तोंडावर येऊ लागलं.

हे व्हायला दुसरा कोणताही दिवस चालला असता. लेक दीपमालाची रजा संपत आली होती आणि तान्ह्या खुशीला सांभाळायला आजी हवी होती. दीपमालानं बोलावलं दोघांनाही होतं. पण मारेगावातल्या त्यांच्या गल्लीत नळ कधी येईल याचा नेम नसायचा, त्यामुळे पाणी भरायला कोणीतरी घरी राहणं भागच होतं. उकंडराव राहणार होते आणि सत्यशीलाबाईंचा पाय निघत नव्हता.

"तुमाले एकट्याले जमन का?" हे त्या पंधरवडाभर विचारत होत्या.

"काहून नाही जमन? मी काय लहान हावो?" हे उकंडराव पंधरवडाभर सांगत होते.

भरलेली पिशवी या काळात दोनदा रिकामी झाली होती. आज ही तोटी बाईंच्या नजरेस पडली, तर पिशवी तिसऱ्यांदा रिकामी होणार आणि पोरगी नोकरीला मुकणार, हे उकंडरावांना स्वच्छ दिसत होतं. बाकी काही दिसत नव्हतं, कारण चष्म्यावर पाणी होतं.

उपाय होता. अंगणातला मेन कॉक फिरवला की घराचं पाणी बंद. अडचण एवढीच, की तो कॉक बसवल्यापासून कोणी फिरवलेलाच नव्हता. लहरीनं येणारं पाणी यावं आणि आपलाच कॉक बंद सापडावा, ही जोखीम या गल्लीत कोणी घेत नाही. त्यात दर एप्रिलला जयंतीच्या आधी घराला रंग निघायचा आणि उरलासुरला निळा ऑइल पेंट उकंडराव मोठ्या मायेनं कॉकवर चढवायचे. आता तो भिंतीला आलेल्या निळ्या गळवासारखा दिसत होता. शिवाय कॉक अंगणात होता आणि अंगठा स्वयंपाकघरात.

"अजी, माळ्यावरची शाल काढून द्या!" आतून आवाज आला.

"देतो ना."

"कवा? गाडी गेल्यावर?"

"तू तोवर चप्पल घाल."

"काय करून राह्यले तुम्ही तिथं?"

"काही नाही. उभा हावो."

"उभे? कायले?"

इतक्यात खिडकीतून शेजारचा हरिसिंग दिसला. उकंडरावांनी त्याला भुवयांनी जवळ बोलावलं.

"हरिसिंगभाऊ, अंगणातला कॉक बंद कर. पण गुपचूप."

"कोणता? तो निळा?" हरिसिंगचा आवाज पार चौकात गेला. "तो फिरते का भाऊ? मले वाटलं, शोभेले लावला!"

"हळू बोल ना बावा!"

हरिसिंगनं घरून पाना आणि जवसाचं तेल आणलं. अंगणातून ठोकाठोक ऐकू येऊ लागली आणि त्या आवाजानं सत्यशीलाबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

नवरा पाठमोरा. एक हात भिंतीला. खांदे ताठ. त्यांनी पुढं होऊन पाहिलं, तर चेहरा चिंब.

"अवो," त्यांचा आवाज एकदम उतरला, "तुम्ही रडून राह्यले?"

उकंडरावांपुढे दोन वाटा होत्या. हो म्हणावं तर बाई थांबणार. नाही म्हणावं तर तोटी दाखवावी लागणार, म्हणजे बाई थांबणारच.

"घाम हाय," ते म्हणाले.

"जानेवारीत?"

त्यांनी पदरानं नवऱ्याचं तोंड पुसलं. ते लगेच पुन्हा भिजलं. पुन्हा पुसलं, पुन्हा भिजलं.

"बापा, थांबूनच नाही राह्यलं!" आता त्यांचेही डोळे भरले. "मी नाही जात. दीपाले फोन लावतो."

उकंडरावांनी अंगठा काढला.

धार बाईंच्या खांद्यावरून तांदळात पडली. त्यांनी धारेकडे पाहिलं, तोटीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. उकंडरावांनी अंगठा परत दाबला.

"म्हंजे तुम्ही रडत नव्हते?"

"नाही ना! म्हणून तं म्हणतो, बिनघोर जा."

"जराकसंही नाही?"

तोटीपेक्षा नाजूक काहीतरी आपल्या हातून तुटतंय, हे उकंडरावांच्या लक्षात आलं.

"काल आलतं जराकसं," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "तू माझ्यासाठी चटणीचा डबा भरून राह्यलती तवा."

हे खरं होतं. सत्यशीलाबाईंनी पाइपावर स्वतःचा अंगठा ठेवला.

"सरका. तुमचा दुखला असन."

तेवढ्यात अंगणात 'कड्' झालं आणि पाणी बंद पडलं. हरिसिंग दारात आला. त्याच्या हातात कॉकचं निळं चक्र होतं.

"झाला बंद! पण हे मोडून हाती आलं. आता काही तो उघडत नाही."

बाईंनी अंगठा काढून पाहिला; थेंबही आला नाही.

"आता नळच नाही," सत्यशीलाबाई सावकाश म्हणाल्या, "तं तुम्ही इथं राहून का करसान?"

"ते बी हायच," जमेल तेवढं तोंड पाडून उकंडराव म्हणाले. तोवर बाईंनी दुसरी पिशवी काढून त्यात त्यांचे दोन पायजमे कोंबलेही होते.

हरिसिंगला ते दुःख पाहवेना. "अरे, टेन्शन कायले घेता? प्लंबर आणतो. गाडीच्या आधी नवा कॉक बसते!"

"नको!" नवरा-बायको एकाच वेळी ओरडले.

"आल्यावर पाहू," सत्यशीलाबाई सावरून म्हणाल्या. "कायले त्या गरिबाची धावपळ?"

"हाव ना. तो भलता कामात असते," उकंडराव म्हणाले.

समोरच्या टपरीवर तो प्लंबर पाय पसरून चहा पीत बसलेला हरिसिंगला दिसत होता. त्यानं दोन्ही पिशव्या उचलल्या आणि म्हणाला, "चाला लवकर. कामातून मोकळा झाला, तं इकडेच यायचा."